चूक टंकणाऱ्याची की नावाची?

संगणकाला काम सांगण्याचे दोन मार्ग आहेत. पडद्यावरच्या चित्रावर टिचकी मारायची, किंवा आज्ञा टंकून द्यायची. संशोधनात दुसरा मार्ग अजूनही बराच वापरात आहे, कारण टंकलेली आज्ञा वहीत लिहून ठेवता येते, उद्या पुन्हा देता येते, दुसऱ्याला पाठवता येते. आज्ञेपुढे आडवी रेघ देऊन एखादे अक्षर किंवा शब्द जोडला की तिचे वागणे बदलते. या जोडणीला ऑप्शन म्हणतात. आज्ञांची आणि ऑप्शनांची नावे कोणीतरी, कधीतरी, बहुधा घाईत ठेवलेली असतात. ती फसवी निघाली तर बदलावीत का?

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या एका विद्यार्थिनीने दिवसभर खपून सुधारलेली आज्ञावली एका क्षणात घालवली. ती 'गिट' वापरत होती. 'गिट चेकआउट' असे टंकून पुढे फाइलीचे नाव लिहिले आणि दिवसाचे काम नाहीसे झाले. मी तिला म्हणालो, "माहितीपुस्तिका आधी वाचायची असते." ते वाक्य मला आज मागे घ्यावेसे वाटते.

गिट म्हणजे लिखाणाच्या आवृत्त्या सांभाळणारी मुक्तस्रोत प्रणाली. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 साली लिनक्सच्या कामासाठी ती लिहिली आणि आता जगभरचे प्रोग्रामर ती वापरतात. आपण वेळोवेळी कामाची नोंद करतो आणि गिट प्रत्येक नोंद जपून ठेवते. एकाच कामाच्या दोन वाटा चाचपून पाहायच्या असतील तर दोन शाखा काढता येतात.

या प्रणालीत 'चेकआउट' दोन अगदी वेगळी कामे करीत असे. पुढे शाखेचे नाव दिले तर ती आपल्याला त्या शाखेवर नेई. फाइलीचे नाव दिले तर फाइल मागच्या ठेवलेल्या प्रतीसारखी करून देई, म्हणजे मधले बदल पुसून टाकी. भूतकाळ वापरला खरा, पण ती आजही हेच करते. त्याकडे पुढे येतो. शाखा बदलताना नोंद न केलेले बदल पुसले जाणार असतील तर चेकआउट नकार देते. फाइलीच्या बाबतीत मात्र ती आधी काही विचारत नाही.

आता त्या विद्यार्थिनीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. चेकआउट आपले काम पुसू देत नाही, हे तिने आठवडाभर शाखा बदलताना अनुभवले होते. त्यावरून तिने नियम काढला. निरीक्षण बरोबर होते आणि अनुमानही बरोबर होते. तिला फाइलीची जुनी प्रत फक्त पाहायची होती, आणि इंग्रजीत 'चेक आउट'चा एक अर्थ 'बघून घेणे' असा होतोही. दुसरा अर्थ ग्रंथालयातला, पुस्तक घरी नेण्याची नोंद करणे. पुस्तक घरी नेले म्हणून टेबलावरची टिपणे कोणी जाळत नाही.

ऑगस्ट 2019 मध्ये गिटची 2.23 ही आवृत्ती आली आणि तिने हे काम दोघींत वाटले. शाखा बदलण्यासाठी 'स्विच' आणि फाइल पूर्ववत करण्यासाठी 'रिस्टोअर'. ऑप्शनही सुधारले. नवी शाखा काढण्यासाठी चेकआउटला '-बी' लागे. 'ब्रँच'चा बी असावा, पण त्यातून 'नवी' हे कुठेच कळत नाही. स्विचला '-सी' लागते, क्रिएटचा सी. शाखा सोडून एखाद्या जुन्या नोंदीवर जायचे असेल तर चेकआउट थेट नेत असे. स्विचला 'डिटॅच' असे स्पष्ट लिहून द्यावे लागते. धोक्याच्या वाटेवर दोन अक्षरे जास्त टंकायला लावणे मला योग्य वाटते.

माझी तक्रार 'रिस्टोअर' या नावाबद्दल आहे. चेकआउटचे नाव संदिग्ध होते, हे तर दिलासा देणारे आहे. ऐकून वाटते की गेलेले काहीतरी परत मिळेल. प्रत्यक्षात जुनी प्रत परत येते आणि आपले ताजे काम जाते. तीही आधी विचारत नाही. त्यामानाने गिटच्याच 'रीसेट'चा 'हार्ड' हा ऑप्शन प्रामाणिक म्हणायचा, निदान नाव वाचून हात आखडतो.

शिवाय चेकआउट रद्द झाले नाही. जुनी पुस्तके, जुनी उत्तरे, शिक्षकांच्या बोटांची सवय सगळे तिथेच राहिले. स्विच आणि रिस्टोअर यांच्या माहितीपानांवर 'प्रायोगिक' ही सूचना 2025 पर्यंत होती, म्हणून वर्गात शिकवणारेही बिचकत. शिकणाऱ्याच्या माथी दोनऐवजी तीन आज्ञा आल्या. आपल्याकडे त्याच 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीने 'साठ तीन' आले तेव्हाचा गदारोळ शिक्षकांना आठवत असेल. तिथेही जुनी नावे गेली नव्हती, कारण बाजारात, घरात ती लागणारच.

मग जुने नाव काढूनच टाकावे का? तेही एकदा करून झाले आहे. युनिक्सच्या 'सॉर्ट' या आज्ञेला दुसऱ्या स्तंभाप्रमाणे क्रम लावायला सांगताना पूर्वी '+1' लिहीत, कारण मोजणी शून्यापासून होई. नव्या रीतीत '-के 2' लिहायचे. नवी रीत निःसंशय सोपी आहे. 2001 च्या पॉझिक्स मानकाने जुनी रीत काढली. पण माणसाला नवे नाव सांगता येते. रात्री आपोआप चालणाऱ्या, वीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या आज्ञावलीला कोण सांगणार? मानक काटेकोर पाळणारी सॉर्ट '+1' हे फाइलीचे नाव समजते आणि ती फाइल शोधू लागते. ग्नू प्रकल्पाच्या सॉर्टमध्ये जुनी खूण ओळखण्याची सोय ठेवावी लागली ती यामुळेच. आणि नवी रीतही निर्दोष नाही. '-के 2' म्हणजे दुसऱ्या स्तंभापासून ओळीच्या शेवटापर्यंत. फक्त दुसरा स्तंभ हवा असेल तर '2,2' लिहावे लागते. हे न कळल्यामुळे चुकीच्या क्रमाने लागलेले तक्ते मी तपासले आहेत.

म्हणून गिटने जुने ठेवून नवे दिले हे मला मान्य आहे. पण तेवढ्याने काम झाले असे नाही. नोंद करण्यापूर्वी बदल जिथे गोळा होतात त्या जागेला गिटमध्ये इंडेक्स, कॅश आणि स्टेजिंग अशी तीन नावे आहेत. फरक दाखवणाऱ्या 'डिफ'ला 'कॅश्ड' ऑप्शन होता, त्याला 'स्टेज्ड' हा समानार्थी जोडला गेला. फाइल काढणाऱ्या 'आरएम'ला मात्र 'कॅश्ड'च लागतो. 'अप्लाय'ला 'कॅश्ड' आणि 'इंडेक्स' दोन्ही चालतात, आणि तिथे त्यांचे अर्थ वेगळे आहेत!

आता आमच्याकडे नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी स्विच शिकवतो. रिस्टोअर शिकवण्याआधी एक निरुपयोगी फाइल घेऊन ती बदलायला लावतो आणि बदल जाताना दाखवतो. चेकआउट तिसऱ्या दिवशी, कारण ते दुसऱ्यांच्या टिपणांत भेटणारच. ती विद्यार्थिनी आता स्वतः नव्यांना शिकवते, आणि तिच्या यादीत चेकआउटपुढे लाल शाईने फुली आहे.