हृदयधमनीतील रक्तप्रवाहाचे सीटी-आधारित मूल्यमापन : एक चिकित्सा

हृदयधमनी किती अरुंद झाली, हे सीटी अँजिओग्राफीत दिसते. त्यामुळे रक्तप्रवाह किती घटला, हे केवळ चित्रावरून ठरत नाही. धमनीत तार घालून मोजलेल्या दाबगुणोत्तरावर (एफएफआर) आधारित स्टेंट-निर्णय अधिक हितकारक ठरतो, हे २००९ च्या ‘फेम’ अभ्यासाने दाखविले. गुणोत्तर ०.८० वा त्याहून कमी आल्यास प्रवाह अपुरा मानतात. ‘एफएफआर-सीटी’ हेच गुणोत्तर तारेविना, सीटी प्रतिमांवरून द्रवगतिकीच्या समीकरणांनी काढते. अमेरिकेत या पद्धतीस २०१४ मध्ये मान्यता मिळाली.

तथापि येथे दाब मोजला जात नाही, त्याचे अनुमान केले जाते. कॅल्शियमचे दाट थर वा जलद नाडीमुळे प्रतिमा अस्पष्ट झाल्यास अनुमानही डळमळते. म्हणून ०.८० च्या आसपासचे उत्तर अंतिम मानणे धोक्याचे होय. ब्रिटनमधील ‘फोरकास्ट’ अभ्यासात (२०२१) अँजिओग्राफीचे प्रमाण घटले. एकूण खर्चात मात्र लक्षणीय बचत झाली नाही.

तरीही अँजिओग्राफीसाठी अकोला वा छत्रपती संभाजीनगर गाठणाऱ्या बुलढाणा जिल्ह्यातील रुग्णांच्या दृष्टीने या पद्धतीचे मोल खर्चापुरते मर्यादित नाही. कोणाला हा प्रवास खरोखर आवश्यक आहे, हे तिच्यामुळे आधी ठरविता येईल. गणन दूरच्या संगणकावर होऊ शकते. निर्दोष प्रतिमा मात्र रुग्णाजवळच घ्यावी लागते. बुलढाण्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथे संगणकप्रणालीपूर्वी उत्तम सीटी यंत्र व प्रशिक्षित तंत्रज्ञ यांचा विचार व्हावा. पाया कच्चा असेल, तर अचूक समीकरणही चुकीचेच उत्तर देईल.