तयारी झाली, आता गाणं?

हल्लीची मुलं सुरात गातात, हे आधी मान्य करू. मोबाइलमधल्या तानपुऱ्यामुळे घरोघरी सूर धरून रियाज होतो. द्रुत लयीत सफाईनं ताना घेणारी बारा-तेरा वर्षांची मुलं कुठल्याही स्पर्धेत भेटतात. अडतं ते त्यापुढे.

वर्गात एका मुलीनं यमन गायला. मुखडा देखणा, सम नेमकी. पण मूळ गायिकेनं ध्वनिमुद्रणात जिथं श्वास घेतलाय, तिथंच हिनंही घेतला. म्हटलं, बंदिश राहू दे. मंद्र निषादापासून गांधारापर्यंतच फीर, वर जायचं नाही. थोड्याच वेळात गाडी थांबली. ‘सर, आता काय गाऊ?’ अशा वेळी गुरूनं गप्प बसावं. आपण मात्र लगेच पुढची जागा गाऊन दाखवतो आणि त्यालाच तालीम म्हणतो.

विष्णु दिगंबरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं मध्यमवर्गीय घरांत पोचायची वाट मोकळी झाली. ते ऋण मोठंच. पण त्या परंपरेतल्या परीक्षांसाठी आज राग ‘उरकले’ जातात. विशारद झालेल्याला राग पुष्कळ येतात, अर्धा तास एकाच रागात राहा म्हटलं की घाम फुटतो. टीव्हीवरच्या स्पर्धांनी आणि आता रीलनी दादही आगाऊच देऊन टाकली. प्रोत्साहन म्हणजे मंच, असंच समीकरण झालंय.

इथं मला प्रा. बी. आर. देवधर आठवतात. कुमार गंधर्व त्यांच्याकडे आले तेव्हा ते नामांकित गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाणारे बालगायक होते. आजच्या भाषेत, ‘व्हायरल’. देवधरांनी नक्कल मोडून काढायला त्यांना फटकारलं नाही, की मोठा करार मिळवून दिला नाही. ते स्वतः विष्णु दिगंबरांचे शिष्य, तरी पाश्चात्त्य संगीत शिकलेले. घराण्यांच्या भिंती त्यांना जाचत नसत. त्यांच्या शाळेत नाना घराण्यांचे गवई येत-जात, मुलाच्या कानावर सगळंच पडे. एकच गाणं कानावर पडलं तर त्याची नक्कल होते. परस्परविरोधी गाणी पडली तर निवड करावी लागते. आपल्या शिष्यानं दुसऱ्याकडेही ऐकावं, असं खुल्या मनानं सांगणारे गुरू आजही मोजकेच. (शिष्य ‘पळवला’ गेल्याची कुजबुज मात्र दर मैफलीच्या मध्यंतरात ऐकू येते.)

फसण्यासाठी जागा हवी, ती छोट्या बैठकीत मिळते. आमच्याकडे सतरंजीवर बैठक होते: राग एकच, वेळ हवा तेवढा, मोबाइल बंद. चित्रीकरणाच्या मनाईवर पालक नाराज असतात, असोत. मागे एक मुलगा बिहागात तीव्र मध्यमावर नको तेवढा रेंगाळला. जाणकारांनी एकमेकांकडे पाहिलं. राग डळमळला होता खरा, पण ती जागा त्यानं कुठून उचलली नव्हती. पुढच्या बैठकीतही त्याला बिहागच गायला सांगितलाय.