‘राजधानी’ आणि परळीचा ळ

हें पान पुस्तकांच्या परीक्षणाचें. तेथें अक्षरांच्या वळणाचें परीक्षण पाहून आमचे कांहीं वाचक चकित होतील. परंतु ग्रंथांपेक्षां पाट्याच जेथें अधिक वाचल्या जातात, तेथें पाटीच्या अक्षरांकडे वाङ्मयाच्या अभिमान्यांनीं पाठ फिरवून कसें चालेल?

अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीनें २०१४ सालीं ‘राजधानी’ हा टंक प्रसिद्ध केला. देवनागरी व रोमन या दोन्ही लिप्या त्यांत आहेत, वजनें पांच, आणि तो कोणासही विनामूल्य वापरतां येतो. गोलाईच्या बाजू सरळ उभ्या, रेघांचीं टोकें सपाट. जणूं लोखंडी पट्टी वांकवून घडविलेलीं अक्षरें. इटलींत आल्दो नोवारेझे यांनीं १९६२ सालीं ‘युरोस्टाइल’मध्यें रोमन अक्षरांस असाच यंत्रयुगाचा पेहराव चढविला होता. बीड जिल्ह्यांत परळीसारख्या औष्णिक वीजकेंद्राच्या गांवीं एखादें लहान नांव या अक्षरांत मोठें करून लिहिलें तर तें शोभेल, यांत आम्हांस शंका नाहीं. बोरूच्या तिरप्या टोकानें येणारा जाडबारीकपणा गेला म्हणून गळा काढणारांपैकीं आम्ही नव्हे.

आमचा आक्षेप निराळा आहे. रोमन लिपींतील ‘एच्’ किंवा ‘टी’ हीं अक्षरें सरळ रेघांवरच उभीं असतात. त्यांस कोनांचें भय नाहीं. देवनागरींत उभा दंड व शिरोरेषा बहुतेक अक्षरांस सामाईक. ओळख पटते ती वळणावरून. व आणि ब, प आणि ष यांचा भेद त्या वळणाच्या पोटांतल्या एका तिरप्या रेघेचा. पोट चेपून चौकोनी केलें आणि वर जाड वजन चढविलें, कीं आंतला उजेड बुजतो व दुरून अक्षराचा ठोकळा होतो. आणि ‘ळ’? त्याला तर आधारास दंडही नाहीं. दोन गोलाया हेंच त्याचें सर्वस्व. प्रमाण हिंदीस या अक्षराची गरज भासत नाहीं. मराठींत मात्र त्यावांचून परळी लिहितां येत नाहीं, आणि ऊसही गाळतां येत नाहीं!

ही केवळ रसिकांची कुरकुर नव्हे. या जिल्ह्यांतून ऊसतोडीस गेलेलीं कुटुंबें रात्रीं-अपरात्रीं परततात. गाडीवरील गांवाचें नांव त्यांना अपुऱ्या उजेडांत ओळखावयाचें असतें, आणि त्यांतला एखादा नुकताच अक्षरें जुळवूं लागलेला असतो. त्याच्याशीं ‘राजधानी’चें जाड वजन निष्ठुरपणें वागतें. मधलें वजन पुष्कळ बरें.

याच जिल्ह्यांत अंबाजोगाईस दासोपंतांनीं (१५५१–१६१५) कापडाच्या पासोडीवर पंचीकरण लिहिलें. तेव्हां कापडावर अक्षरें मांडणें आम्हांस नवें नाहीं. आजच्या फलक करणारांनीं तिच्यावरील वळणें एकवार डोळ्यांखालून घालावीं. मग ‘राजधानी’ घेऊन ‘परळी’ हा एकच शब्द लिहावा आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन तो वाचून पाहावा. ळ ओळखूं आला तर टंक खुशाल ठेवावा. न आला तर त्या एका अक्षरापुरती कानस हातीं घ्यावी. टंकाचा परवाना तशी दुरुस्ती करूं देतो.