1947 चा इंग्लंडांतील क्रिकेट-हंगाम : साधनांचें परीक्षण

महायुद्धोत्तर इंग्लंडांतील काऊंटी क्रिकेटच्या इतिहासास 1948 चें विस्डेन वार्षिक हें मुख्य साधन होय. त्यांत 1947 च्या हंगामाचे धावफलक आहेत, तसाच कॉम्प्टन व एड्रिच यांजवर रॉबर्टसन-ग्लासगो यांचा लेखही आहे. धावफलक अस्सल कागदांच्या जातीचे, लेख बखरीच्या जातीचा. रेशनिंगानें गांजलेल्या लोकांस त्या उन्हाळ्यांत काय लाभलें हें बखरच सांगूं शकते. पण आंकड्यांचा निर्णय कागदांनींच व्हावा.

कॉम्प्टननें 3816 धावा व 18 शतकें केलीं, एड्रिचनें 3539 धावा. हे आंकडे निर्विवाद आहेत. मात्र तेवढ्यावरून मिडलसेक्सच्या अजिंक्यपदाचा उलगडा करणें आम्हांस मान्य नाहीं. कॉम्प्टनच्या धावांपैकीं 753 दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या पांच कसोट्यांतील. बाकीच्या 3063 मध्येंही 246 ची एक खेळी स्पर्धा संपल्यावर उर्वरित इंग्लंडविरुद्ध झालेली. ही सर्व बेरीज काऊंटीच्या खातीं मांडणें म्हणजे निरनिराळ्या वह्यांची जमा एक धरणें होय. शिवाय दुसऱ्या आलेल्या ग्लॉस्टरशायरच्या गॉडार्डनें त्याच वर्षीं 238 बळी घेतले. हाही आंकडा सबंध हंगामाचा आहे. तथापि फलंदाजांच्या म्हणून गाजलेल्या वर्षीं गोलंदाजी निस्तेज नव्हती, एवढें त्यावरून सिद्ध होतें.

संग्राहकांनीं लेख अवश्य जपावा. पण जीर्ण धावफलक रद्दींत घालूं नयेत. त्यांमुळें कॉम्प्टनची कीर्ति उणावणार नाहीं. गॉडार्डची मात्र त्यांवांचून टिकणार नाहीं.