स्क्रीनशॉट : सोय आणि समजूत

शाळेच्या दैनंदिन कामात स्क्रीनशॉटने गेल्या काही वर्षांत मोठे स्थान मिळवले आहे. प्रशिक्षण पूर्ण झाले, पाठवा स्क्रीनशॉट. माहिती पोर्टलवर भरली, पाठवा स्क्रीनशॉट. विद्यार्थीही प्रकल्पवहीत आलेखाच्या जागी त्याचा स्क्रीनशॉट चिकटवतात. सोलापूर जिल्ह्यातील शिक्षकांशी संगणकाविषयी बोलण्याचा प्रसंग आम्हांला अनेकदा येतो. तेव्हा ‘स्क्रीनशॉट कसा काढायचा?’ हा प्रश्न हमखास निघतो. ‘तो कशासाठी काढायचा?’ हा प्रश्न सहसा निघत नाही. येथे पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देऊन दुसऱ्याची चिकित्सा करण्याचा आमचा विचार आहे.

हाताशी असलेले साधन

स्क्रीनशॉटसाठी वेगळा प्रोग्राम विकत घेण्याची किंवा कोठून उतरवून घेण्याची गरज नाही. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीवरच ‘प्रिंट स्क्रीन’ ही कळ होती. शिफ्टबरोबर ती दाबली की पडद्यावरचा मजकूर थेट प्रिंटरवर छापला जाई. पुढे विंडोजमध्ये छपाई गेली, कळीचे नाव मात्र तेच राहिले. आता ‘विंडोज + प्रिंट स्क्रीन’ दाबल्यास पूर्ण पडद्याचे चित्र ‘पिक्चर्स’मधील ‘स्क्रीनशॉट्स’ या फोल्डरात साठते. ‘ऑल्ट + प्रिंट स्क्रीन’ दाबल्यास चालू खिडकीपुरते चित्र क्लिपबोर्डवर जाते. हवा तेवढाच भाग घ्यायचा असेल तर विंडोज १० व ११ मध्ये ‘विंडोज + शिफ्ट + एस’, आणि मॅकवर ‘शिफ्ट + कमांड + ४’. इतके लक्षात ठेवले की पुरे.

साधन सोपे आहे, फुकट आहे आणि उपयोगीही आहे. संगणकाने दाखवलेला चुकीचा संदेश दुरुस्तीवाल्याला फोनवर वर्णन करून सांगण्यापेक्षा त्याचे चित्र पाठवणे केव्हाही बरे. तेव्हा आमची तक्रार साधनाविषयी नाही. साधनाने जे मिळते त्याहून अधिक मिळाले, अशी जी समजूत रूढ झाली आहे, तिच्याविषयी आहे.

नक्षी आणि कार्डे

स्क्रीनशॉट काढताना संगणक नेमके काय टिपतो? तो फक्त ठिपक्यांचे रंग टिपतो. १९२० × १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येकाचा रंग ३ बाइटमध्ये लिहिला तर ६२,२०,८०० बाइट लागतात. त्या ठिपक्यांमागे अक्षर होते, आकडा होता की सूत्र, याची नोंद चित्रात राहत नाही.

सोलापूरकरांना हे समजावून द्यायला जॅकार्डच्या चादरीसारखे दुसरे उदाहरण नाही. चादरीची नक्षी आधी चौकटींच्या कागदावर उतरवतात. मग कोणता उभा धागा केव्हा उचलायचा, हे ठरवणारी भोके कार्डांवर पाडतात. चादरीचा फोटो पाहून नक्षी ओळखता येईल. पण मागावर दुसरी चादर विणायची तर कार्डेच लागतात. स्क्रीनशॉट हा चादरीचा फोटो आहे. मूळ फाइल म्हणजे कार्डांचा संच.

विज्ञानाच्या तासाला हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. समजा, विद्यार्थ्यांनी एप्रिलमध्ये दहा दिवस शाळेच्या आवारातील दुपारचे तापमान मोजले आणि ते ३९ ते ४२ अंशांच्या दरम्यान भरले. उभा अक्ष ३९ पासून सुरू केला तर आलेखात डोंगर-दऱ्या दिसतील. शून्यापासून सुरू केला तर जवळजवळ सपाट रेघ दिसेल. तक्ता हाती असेल तर शिक्षक दोन्ही आलेख काढून वर्गात चर्चा घडवू शकतात, चुकलेली नोंद शोधू शकतात, सरासरी पुन्हा काढू शकतात. नुसता स्क्रीनशॉट हाती असेल तर ‘छान आहे’ म्हणून सही करण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. जे पुन्हा तपासता येत नाही त्याला विज्ञानात मोल नाही, हे आपण मुलांना शिकवतो. आणि वही मात्र न तपासता येणाऱ्या चित्रांनी भरून घेतो.

पुरावा किती?

‘स्क्रीनशॉट आहे ना, मग खरेच असणार’ ही समजूत तर अधिकच घातक आहे. तिची परीक्षा वर्गातच घेता येईल. संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये बातमीचे कोणतेही पान उघडा, एखाद्या शब्दावर उजवी कळ दाबून ‘इन्स्पेक्ट’ निवडा आणि तो शब्द बदला. मूळ संकेतस्थळाला काहीही होत नाही, पण तुमच्या पडद्यावर बातमी बदललेली दिसते. आता स्क्रीनशॉट काढा. या चित्रात कोठेही खाडाखोड नाही; ते खोट्या पानाचे अगदी खरे चित्र आहे. दहा मिनिटांचा हा प्रयोग, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रांविषयी द्याव्या लागणाऱ्या अनेक व्याख्यानांचे काम करील. प्रयोग झाला की ते चित्र मात्र सर्वांसमोर पुसून टाकावे.

न्यायालयेही अशा प्रतींबाबत सावध असतात. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले, की मूळ उपकरण हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवे. तो वाद चित्रफितींचा होता, पण तत्त्व तेच : प्रत कोणी, कशावरून, कशी काढली हे सांगितल्याशिवाय ती पुरावा ठरत नाही.

उलट बाजूही आहे. नको तो भाग कापून टाकला की तो गेला, असे आपण मानतो. मार्च २०२३ मध्ये उघड झाले, की गूगलच्या पिक्सेल फोनमधील आणि विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमधील एका दोषामुळे, कापलेले चित्र मूळ फाइलवरच साठवल्यास कापलेल्या भागाची माहिती फाइलच्या शेवटी शिल्लक राहत होती आणि ती अंशतः परत मिळवता येत होती. दोष दुरुस्त झाले. पण तेव्हा पाठवलेली चित्रे अजून कोणाकोणाच्या फोनमध्ये असतील. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक आणि पालकांचे मोबाइल क्रमांक असलेल्या याद्या स्क्रीनशॉट करून गटावर टाकताना याचा विचार व्हावा.

ज्यांना चित्र दिसत नाही

वेळापत्रक किंवा सूचना स्क्रीनशॉटच्या रूपाने पाठवली की डोळस वाचकाचे काम भागते. दृष्टिहीन विद्यार्थी मात्र एनव्हीडीएसारख्या मोफत वाचक प्रोग्रामच्या साहाय्याने मराठी मजकूर ऐकतो. त्याच्यापुरते हे चित्र म्हणजे कोरा कागद. चित्रातील अक्षरे ओळखण्याच्या सोयी आता आहेत, पण देवनागरी जोडाक्षरांत त्या चुकतात, आणि परीक्षेच्या तारखेत एक आकडा चुकणेही परवडणारे नसते. ज्या सूचनेला टाइप केलेल्या चार ओळी पुरल्या असत्या, तिच्यासाठी एका मुलाला दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागते.

मूळ स्थानाकडे जाणारी वाट

याच जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला. पुढे २०१७ मध्ये राज्याने पाठ्यपुस्तकांसाठी तीच वाट धरली, आणि २०२० मध्ये डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. क्यूआर कोड हाही काळ्या-पांढऱ्या चौकटींचे चित्रच. पण तो वाचकाला मूळ साहित्यापर्यंत नेतो. स्क्रीनशॉट वाचकाला मूळ स्थानापासून तोडतो. अर्थात दुवेही कालांतराने बंद पडतात, आणि तेव्हा त्या दिवशी पडद्यावर काय होते हे सांगायला स्क्रीनशॉटच उरतो. म्हणून दोन्ही एकत्र असावेत, हे उत्तम.

यावरून काही साधे नियम सांगता येतील. आलेख मागताना तक्त्याची फाइलही मागावी. संकेतस्थळाचा स्क्रीनशॉट घेताना वरची पत्त्याची पट्टी कापू नये, आणि चित्राखाली पत्ता व तारीख लिहावी. अक्षरे असलेले चित्र पीएनजी स्वरूपात ठेवावे. जेपीईजीमध्ये अक्षरांच्या कडा धूसर होतात. व्हॉट्सॲपवर ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर जसेच्या तसे पोहोचते. परिपत्रक मूळ पीडीएफच्या रूपातच पुढे पाठवावे.

आणि जे अधिकारी शिक्षकांकडून कामाचा पुरावा म्हणून स्क्रीनशॉट मागवतात, त्यांना एक विनंती. पोर्टलवर भरलेली माहिती पोर्टलवरच असते. तिचे चित्र पुन्हा शिक्षकाकडून मागवल्याने खात्रीत भर पडत नाही, शिक्षकाचा वेळ तेवढा जातो. तो वेळ मुलांच्या वहीतील आकडे तपासण्याकडे लागला, तर त्याचे चीज होईल.