‘थिएट्रिकल’ म्हणजे ‘नाटकी’ नव्हे

इंग्रजी ‘थिएट्रिकल’ या विशेषणास आपले समीक्षक सर्रास ‘नाटकी’ म्हणतात आणि तेथेच रंगभूमीवर अन्याय होतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पाहण्याचे स्थान’ एवढाच. आपले ‘प्रेक्षागृह’ही तेच सांगते. ‘नाटकी’त मात्र सोंगाचा दर्प आहे. ‘नाट्यपूर्ण’ म्हणावे, तर तो गुण एखाद्या खटल्यातही आढळतो. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये नटांचीच भिंत होते, ही किमया रंगमंचाखेरीज कोठेही संभवत नाही. तिच्यासाठी भरतमुनींचा ‘नाट्यधर्मी’ हाच शब्द योग्य वाटतो.

बंगळूरच्या जे. पी. नगरात २००४ साली अरुंधती नाग यांच्या प्रयत्नांनी ‘रंगशंकर’ उभे राहिले. तेथे कन्नड नाटक पाहणाऱ्या मराठी अधिकाऱ्यास संवाद कळले नाहीत, तरी पावलांची लय आणि स्तब्धतेचा ताण कळतो. भाषेवाचून जे पोचते, ते ‘थिएट्रिकल’. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा पाया घातला, तोही कर्नाटकातील खेळांपासून स्फूर्ती घेऊन. ज्या गुणामुळे आपली रंगभूमी जन्मास आली, त्यालाच दूषण म्हणून वापरणे आपणांस शोभत नाही.