छातीतील पाणी : एका सप्तमीची चिकित्सा

कार्बन मोनॉक्साइड आणि फुप्फुसाभोवतीचा द्रवसंचय यांविषयीच्या संशोधनाचा मराठीत गोषवारा करू जाता दोन ठिकाणी अर्थाची गल्लत होते. हा दोष संशोधनाचा नसून विभक्तीचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम सप्तमी. बुलढाणा जिल्ह्यातील धाड येथे, किंबहुना महाराष्ट्रात कोठेही, 'छातीत पाणी झाले' हा एकच प्रयोग दोन भिन्न विकारांना लावला जातो. फुप्फुसाच्या दुपदरी आवरणात द्रव साठतो तेव्हा ते पाणी फुप्फुसाबाहेर असते व सुईने काढता येते. आपल्याकडे त्याचे एक प्रमुख कारण क्षय होय. फुप्फुसशोफात मात्र द्रव वायुकोशांतच उतरतो. तेथे सुई निरुपयोगी. बंद खोलीत शेगडी जळत राहिल्याने होणाऱ्या विषबाधेत कार्बन मोनॉक्साइड हीमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट ओढीने चिकटतो, हृदयाला इजा पोहोचते. आणि पाणी झालेच तर ते बहुधा या दुसऱ्या प्रकारचे असते.

आता षष्ठी. 'कार्बन मोनॉक्साइडची क्षमता घटली' असे तपासणीनंतर रुग्णास सांगतात. तो विषबाधेच्या शंकेने घाबरतो. वस्तुतः मारी क्रोग यांनी 1915 साली मांडलेल्या पद्धतीच्या आजच्या रूपात सुमारे 0.3 टक्के वायू हुंगवून दहा सेकंद श्वास रोखावयास लावतात. येथे हा वायू विष नव्हे, माप आहे. भोवतीच्या पाण्याने फुप्फुस दबले की आकडा उतरतो. परंतु हवा शिरू शकणाऱ्या आकारमानाने त्यास भागले, तर तो पुष्कळदा प्राकृत वा अधिकही निघतो. तेव्हा उतरलेला आकडा हा वायूने पाणी केल्याचा पुरावा नव्हे.

हृदय दुर्बळ झाले असता दोन्ही प्रकारचे पाणी एकत्र आढळते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु एकत्र नांदणाऱ्या गोष्टींना एकच नाव द्यावे, असे त्यातून निष्पन्न होत नाही. 'परिफुप्फुस' आदी संज्ञा निर्दोष असल्या तरी त्या लोकांच्या तोंडी बसलेल्या नाहीत. 'फुप्फुसाभोवती पाणी' व 'फुप्फुसाच्या आत पाणी' एवढा भेद बोलीतील साध्या शब्दयोगी अव्ययांनीच साधतो. परिभाषाकारांनी नवा शब्द घडविण्यापूर्वी हे अव्ययांचे भांडार तपासावे. कोणते पाणी काढावयाचे, हे येथे एका प्रत्ययावर अवलंबून आहे.